जुनी गाडी, मोठे सर्व्हिसिंग आणि वाचनाची सवय

जुन्या मोटारीविषयी मराठीत काही लिहायला बसले की लेखणी आपोआप स्मरणरंजनाकडे वळते. पहिल्या दिवशी बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली ठेवलेली लिंबे, मागच्या सीटवरची मुलांची भांडणे आणि शेवटी भंगारवाल्याच्या दारात दाटून आलेला कंठ. या वाटेने जाण्याची आमची इच्छा नाही. आमची गाडी अजून दारातच उभी आहे. तिची नोंदणी 2009 सालची आहे, मीटरवर 1 लाख 83 हजार किलोमीटर पडले आहेत, आणि तिचे एक मोठे सर्व्हिसिंग आम्हाला नुकतेच ठरवावे लागले. आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. सर्व्हिसिंगचा बेत आखताना जे ध्यानात आले ते गाडीइतकेच आमच्या या व्यवसायाविषयीही होते, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जुन्या, पुष्कळ चाललेल्या गाडीचे मोठे सर्व्हिसिंग हे एखादे पॅकेज विकत घेतल्यासारखे घेता येत नाही. त्याआधी गाडीचा इतिहास वाचावा लागतो, कामांचा क्रम आवाजावरून न ठरवता परिणामावरून ठरवावा लागतो, आणि कोठे थांबायचे ते पैसे खर्च होण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते. यातली पहिली गोष्ट, म्हणजे वाचन, आम्हाला येते असा आमचा समज होता.

आम्ही कराडला राहतो. आमच्यापैकी एकीची आई चिपळूणला एकटी असते. तिच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत आणि त्यासाठी महिन्यातून एकदा तिला कराडला आणावे लागते. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, असा हा रस्ता आहे. 2025 च्या नोव्हेंबरात तिला आणायला जाताना घाट अर्धा उतरल्यावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडले. ते दाबले जात होते, पण गाडी हवी तितकी आवरत नव्हती. दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या ओढीवर गाडी संथ करून आम्ही ती कडेला घेतली. अर्धा तास थांबलो. ब्रेक निवले तसे पेडल पुन्हा घट्ट झाले आणि आम्ही रांगत चिपळूण गाठले. आईला यातले काही सांगितले नाही, पण परतीचा प्रवास तिला एसटीने करावा लागला तेव्हा तिला कळायचे ते कळलेच.

कारण दुसऱ्या दिवशी समजले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते आणि जितका ओलावा अधिक तितक्या कमी उष्णतेला ते उकळू लागते. लांब उतारावर ब्रेक सतत तापत राहिले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे: साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचे. मग ते आमच्या गाडीत बदलले गेले नव्हते काय? आम्ही तर दरवर्षी न चुकता सर्व्हिसिंग करत होतो.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच कपाटात होते. सोळा वर्षांची बिले एका फायलीत लावलेली होती. कालक्रमानुसार, नीट पंच करून. ती आम्ही जपली होती, वाचली नव्हती. त्या रात्री प्रथमच ती सलग वाचली. 2017 च्या बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशी नोंद आहे. त्यानंतर 2019, 2021, 2022 आणि 2024 या चार वर्षी ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ अशी नोंद आहे. ‘बदलले’ हा शब्द आठ वर्षांत पुन्हा आलेला नाही. ज्या ओळीत ब्रेक ऑइलचे नाव दिसते ती पाहून आम्ही ‘काम झाले’ असे मानत आलो. एका क्रियापदातला फरक आमच्या नजरेतून सुटला आणि तो घाटात पायाखाली आला. वर्गात विद्यार्थ्यांना आम्ही क्रियापदाकडे पाहायला सांगतो.

‘टॉप-अप’ ही नोंद आणखीही काही सांगत होती. ब्रेक ऑइलची पातळी उगाच खाली जात नाही. पॅड झिजतात तशी ती उतरते, नाहीतर कोठे तरी गळती असते. म्हणजे ज्या ओळीला आम्ही उपचार समजत होतो ती वस्तुतः लक्षणाची नोंद होती. टायमिंग बेल्टचेही तसेच. इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा हा दातेरी पट्टा 2015 साली, 78 हजार किलोमीटरवर बदलला होता. त्यानंतर 1 लाख 5 हजार किलोमीटर आणि दहा वर्षे गेली होती. असे पट्टे साधारणपणे 60 हजार ते 1 लाख किलोमीटरच्या दरम्यान, किंवा ठरावीक वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे असतात. अनेक इंजिनांत चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात आणि काही हजारांचे काम इंजिन उघडण्यावर जाते. आमचा पट्टा कसलाही आवाज करत नव्हता.

टायरांची तर आणखीच गंमत. टायरच्या कडेला चार आकडी मजकूर कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर 1418 होते, म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. ते आम्ही 2020 मध्ये नवे म्हणून घेतले होते. पुस्तकाचे मुद्रणवर्ष आणि ते दुकानातून घेतल्याचे वर्ष यांत फरक असतो हे आम्हाला ठाऊक असायला हरकत नव्हती. पण रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारे होते हे ध्यानात आले नव्हते. नक्षी शिल्लक होती, कडांना मात्र बारीक भेगा पडल्या होत्या.

आता कामांच्या अंदाजपत्रकाकडे येऊ. एका मोठ्या वर्कशॉपने आम्हाला 23 कलमांचे, 58 हजार रुपयांचे एस्टिमेट दिले. त्याला आम्ही अप्रामाणिक म्हणणार नाही. आमच्या मते एस्टिमेट हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे आणि तो न वाचणाऱ्या वाचकासाठी लिहिलेला असतो. त्यात टेफ्लॉन कोटिंग होते, अंडरबॉडी कोटिंग होते, इंजिन फ्लशिंग, हेडलाइट पॉलिश आणि एसीचे निर्जंतुकीकरण होते. सस्पेन्शनच्या खडखडाटासाठी मोठी रक्कम होती, कारण गाडी देताना त्या खडखडाटाची तक्रार आम्हीच केली होती. ब्रेक ऑइल एकविसाव्या ओळीत होते. टायमिंग बेल्ट नव्हताच. आम्ही ज्याविषयी बोललो ते यादीत आले आणि ज्याविषयी गप्प राहिलो ते गळले. मजकूर आमच्याच बोलण्यातून तयार झाला होता.

ते एस्टिमेट घेऊन आम्ही गावातल्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचले आणि म्हणाले, “सर, आवाज करतंय ते लगेच मोडत न्हाई. गप असतंय ते मोडतंय.” पुढचा सगळा बेत या एका वाक्यावर उभा राहिला.

त्यांच्या मदतीने आम्ही कामांचे चार गट पाडले. पहिल्या गटात, जे बिघडले तर माणसाच्या जिवाला धोका आहे ते: ब्रेकचे पॅड, मागचे शू, ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेक ऑइल, टायर, स्टिअरिंगचे सांधे आणि बॉल जॉइंट. दुसऱ्या गटात, जे बिघडले तर इंजिन जाईल ते: टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटरच्या नळ्या. आमच्या गाडीत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो; पट्ट्यासाठी सगळे उघडलेच आहे तर पंप जुना ठेवणे म्हणजे तीच मजुरी वर्षभराने पुन्हा देणे. कूलंटच्या जागी आम्ही उन्हाळ्यात साधे पाणी ओतत आलो होतो, हेही येथे कबूल करायला हवे. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात; पाणी ओतत गेले की ती पातळ होत जातात, आणि रेडिएटर आतून गंजू लागतो.

तिसऱ्या गटात, जे किलोमीटरांवर नव्हे तर वर्षांवर म्हातारे होते ते: बुश, इंजिन माउंटिंग, बेल्ट, सील, पेट्रोलच्या नळ्या. या शेवटच्या कलमाला आता वेगळे महत्त्व आले आहे. आमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असेल असे कोणी धरले नव्हते. 2025 मध्ये असे पेट्रोल देशभर सर्रास झाले, आणि काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्या वर्षी मान्य केले. म्हणून नळ्या तपासणे हे कलम आम्ही यादीत घातले. गिअरबॉक्सचे ऑइलही याच गटात; ते कोणी बदलल्याची नोंद आमच्या फायलीत एकदाच आहे. चौथ्या गटात, जे नुसते त्रास देते ते: डॅशबोर्डची कुरकुर, एसीचा मंदपणा, दाराचा पोचा, रंग. एस्टिमेटची निम्मी रक्कम या चौथ्या गटावर आणि चकचकीत करण्यावर होती.

परंतु गट पाडण्यापूर्वी एक पायरी असते आणि तीच बहुतेक जण गाळतात. गाडी एवढ्या खर्चाच्या लायकीची आहे का, हे आधी मोजायला हवे. त्यासाठी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट केली. प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते पाहायचे. एखाद्यात कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाहीतर बहुधा झडपांचा. आमच्या चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. मग गाडी वर उचलून खालच्या बाजूने, विशेषतः सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडलेले असते तेथे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहिले. टोक आत गेले असते तर हा लेख वेगळा झाला असता. सांगाडा सडला असेल तर ब्रेक, टायर, पट्टा यांवरचा सगळा खर्च वाया जातो. आणि गंजावर नुसते कोटिंग मारले तर ओल आत अडकते व गंज झाकल्या जागी वाढत राहतो. अंडरबॉडी कोटिंगचे कलम आम्ही या कारणाने कापले.

सुटे भाग अस्सल घ्यावेत की बाजारातले, हा पुढचा वाद आमच्या घरात तीन दिवस चालला. साहित्याच्या वाचकांना येथे रॉबर्ट पिर्सिगचे मोटारसायकलवरचे 1974 सालचे पुस्तक आठवेल. त्यात मित्राच्या महागड्या मोटारसायकलचे सैल हँडल घट्ट करण्यासाठी निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून घालू म्हणतो आणि मित्र अपमानित होतो. त्या प्रसंगात निवेदक बरोबर आहे. पत्रा त्या कामाला उत्तम आहे. पण त्यातून ‘जुगाड सर्वत्र चालतो’ असा निष्कर्ष काढणारे आमच्या वर्तुळात बरेच भेटतात. पत्रा चालतो तो हँडलखाली, ब्रेकच्या नळीत नव्हे. आम्ही नियम असा केला की पहिल्या दोन गटांत अस्सल किंवा तितक्याच खात्रीच्या उत्पादकाचे भाग घ्यायचे, तिसऱ्यात मेकॅनिकचा शब्द मानायचा, आणि चौथ्यात काहीही न करता राहता आले तर राहायचे.

कामे एकदम न करता दोन टप्प्यांत करण्याचा आग्रह मेकॅनिकचा होता. एका दिवशी दहा गोष्टी बदलल्या आणि गाडी नव्याने थरथरू लागली, तर ती कशामुळे हे कळत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात ब्रेक, टायर आणि टायमिंग बेल्ट. दोन महिने गाडी चालवून मग कूलंटच्या व पेट्रोलच्या नळ्या, गिअर ऑइल आणि बुश. कूलंट मात्र पंपाबरोबरच नवे भरावे लागले. एकूण खर्च 37,500 रुपये झाला.

“अहो, गाडी विकली तर 70 हजार येणार नाहीत आणि तिच्यावर निम्मे खर्च करता?” हा प्रश्न आम्हाला स्टाफरूममध्ये इतक्यांदा विचारला गेला की त्याचे उत्तर छापील द्यावे असे वाटू लागले. आमच्या मते ही तुलनाच चुकीची आहे. विक्रीची किंमत हा दुसऱ्या कोणाच्या गरजेचा भाव असतो. तुलना करायची तर या गाडीऐवजी जे घ्यावे लागेल त्याच्याशी करावी. पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी 9 टक्के दराने घेतले तर महिन्याचा हप्ता दहा हजारांच्या वर जातो. म्हणजे आमचा सगळा खर्च चार हप्त्यांहून कमी भरतो. आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2024 मध्ये संपली आणि तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. 2029 पर्यंत ती आणखी 35 हजार किलोमीटर चालेल असे धरले तर हा खर्च किलोमीटरला रुपयाच्या आसपास पडतो. पेट्रोल त्याहून कितीतरी महाग आहे.

2029 हे वर्ष आम्ही मुद्दाम कागदावर लिहिले. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांपुढील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 2025 च्या ऑगस्टमधील अधिसूचनेने पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले आहे. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तीही वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे. कायदा गाडीचे वय वर्षांत मोजतो, तिच्या प्रकृतीत नाही, अशी तक्रार करता येईल. पण आम्हाला ती मर्यादा उपयोगी पडली. आम्ही बेतात शेवटची ओळ अशी घातली: 2029 च्या आत सांगाड्याला गंज लागला, किंवा इंजिन उघडावे लागले, किंवा एका वर्षाचा दुरुस्तीखर्च 40 हजारांवर गेला, तर गाडी अधिकृत भंगार केंद्रात द्यायची. हे आधी लिहिले नाही तर प्रत्येक वेळी ‘आता एवढा खर्च केलाच आहे तर’ या सबबीवर पुढचा खर्च होत राहतो.

आमच्या बाजूविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा पैशाचा नाहीच. तो असा की आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएस नाही. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस आणि निदान चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. जे मुळात नव्हते ते कोणतेही सर्व्हिसिंग आणून देत नाही. हा मुद्दा आम्ही खोडू शकत नाही, फक्त मान्य करून त्याप्रमाणे वागू शकतो. पावसाळ्यात घाट टाळायचा, रात्री उतरायचे नाही, वेग कमी ठेवायचा, आईला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवायचे. हेही बेतात लिहिले आहे. ज्यांना रोज महामार्गावर धावायचे आहे त्यांना आमचा सल्ला जुनी गाडी ठेवा असा मुळीच नाही.

शेवटी थोडे भाषेविषयी. मराठीत ‘दुरुस्ती’ हा शब्द गाडीला चालतो, प्रुफाला चालतो आणि राज्यघटनेलाही चालतो. तिन्ही ठिकाणी त्याच्या आधी एक दोष गृहीत धरलेला असतो. ‘निगा’ या शब्दाला दोषाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या साहित्यव्यवहारात दुरुस्ती करणाऱ्याला मान आहे, नवे घडवणाऱ्याला त्याहून अधिक मान आहे, आणि निगा राखणाऱ्याचे नाव सहसा कोठेच छापले जात नाही. ग्रंथालयातल्या वाळवीवर लक्ष ठेवणारा शिपाई, कोशाची पुरवणी काढणारा संपादक, पाठ्यपुस्तकातली एकच ओळ दरवर्षी नव्याने तपासणारा शिक्षक, हे सगळे त्या गप्प भागांसारखे आहेत. ते मोडले की मगच कळतात. घाटातल्या त्या अर्ध्या तासाने आम्हाला गाडीइतकेच याही बाबतीत सावध केले आहे.

ब्रेकचे काम झाल्यावर मेकॅनिकनी बिल लिहायला घेतले तेव्हा आम्ही त्यांना थांबवले आणि एक विनंती केली: प्रत्येक भागापुढे क्रियापद पूर्ण लिहा. ते हसले, पण त्यांनी लिहिले. त्या बिलाची एक प्रत आता गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात आहे. तिच्यात एक ओळ अशी आहे: ब्रेक ऑइल, जुने सर्व काढून नवे भरले, 1 लाख 83 हजार किलोमीटर, पुन्हा दोन वर्षांनी बदलणे. आईला चिपळूणहून आणताना ती ओळ आम्ही तिला वाचून दाखवली. तिने विचारले, “आणि दोन वर्षांनी हे लक्षात कोण ठेवणार?” आम्ही तो कागद तिच्याच हातात दिला.